मास्टरसाहेबांचा मायना

“पोट्ट्या, तुह्यासाठी. माह्याकडून. तीन वाक्यं. नंबर सात.”

एवढं म्हणून ते थांबायचे. मी मान वर करून “बोला” म्हटलं की मग ती तीन वाक्यं यायची. तिन्ही झाली की मी “सात पोचला” म्हणायचं. म्हटलं नाही, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आवाज तोच, शब्द तेच, चेहऱ्यावर राग नाही. त्यांच्याकडे कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतो आहे. दुसऱ्या आठवड्यात कळलं, ते चहावाल्याशीही असंच बोलतात, आणि चहावालाही मुकाट्यानं “पोचला” म्हणतो.

सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणत. अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. एके दिवशी ती नोकरी सोडून ते अकोल्याला आले आणि एमआयडीसीत एका बंद डाळमिलच्या आवारातली दोन खोल्यांची शेड त्यांनी भाड्यानं घेतली. का सोडली, असं विचारलं तर म्हणायचे, “पोरं मान डोलवत, अन् समजलं काहीच नसे. पोचलं नाही तं नाही म्हना नं बे. मान कायले डोलवता?”

घरी ते उर्दू बोलत, बाहेर वऱ्हाडी, आणि इंग्रजी फक्त वाचत, तेही ओठ हलवत. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. नव्या चिपा ते बायकोच्या, म्हणजे आमच्या भाभींच्या, जुन्या पितळी पानदानात ठेवायचे. जिथे पूर्वी कात, चुना, सुपारी असायची, त्या वाट्यांमध्ये चांदीच्या कागदात पाय रोवून चिपा बसलेल्या असत. “पितळेत ठेवलं का यायले झटका लागत नाही,” असं कारण ते देत. भाभींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी पान सोडल्यावर ते पानदान मोडीत द्यायला यांचं मन झालं नाही, एवढंच.

आमच्या शेडमध्ये मोटारी चालवणारी कार्डं बनत. तळहाताएवढी हिरवी पाटी. मोटार किती फिरवायची, किती वेगानं, हे तिला सांगितलं की बाकीचं ती सांभाळते. एका मशीनवर अशी आठ-दहा कार्डं असतात आणि सगळी एकाच तारेला जोडलेली. कॉम्प्युटर त्या तारेवर संदेश सोडतो तो सगळ्यांनाच ऐकू जातो. म्हणून प्रत्येक संदेशाच्या आधी थोडी माहिती जोडावी लागते: कुणासाठी, कुणाकडून, किती लांब, कितवा. पुस्तकात त्याला हेडर म्हणतात. मास्टरसाहेब मायना म्हणत, पत्राच्या वर असतो तो. त्यांच्या मते पत्राचा मजकूर एखादवेळी खोटा असला तरी चालतो, मायना खोटा चालत नाही. बापाचं पत्र सासऱ्याच्या हातात पडलं तर मजकूर कितीही चांगला असून काय उपयोग?

कुणासाठी आणि किती लांब, हे मला पटत होतं. ‘कितवा’ मात्र फालतू वाटायचं. तसं मी एकदा म्हणालो. त्यांनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं.

“तुही आई एसटीनं डबा पाठवते नं?”

माझी आई अमरावतीहून अधूनमधून ओळखीच्या कंडक्टरकडे डबा देई, झाकणावर खडूनं माझं नाव लिहून. मी हो म्हणालो.

“डबा भेटला, असा फोन तू लावला. पन लाइनच लागली नाही. आई काय करन?”

“दुसरा पाठवेल.”

“अन् तू काय करशीन?”

“खाईन.”

“म्हनूनच पोट सुटून राहिलं तुहं. मोटारीचंही तसंच हाय. तिचा जवाब कॉम्प्युटरले पोचला नाही, का तो तेच काम पुन्हा पाठवते. मोटारीले वाटते, नवं काम आलं. ती पुन्हा फिरते. डब्यावर नंबर असला तं समजते, हा तं कालचाच डबा. मंग खायचा नाही. नुसतं म्हनायचं, पोचला.”

या माणसाच्या आयुष्यात आणि त्याच्या कार्डात काही फरक नव्हता. एकदा पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. आमचा संदेश पाहून तो हसला. “मजकूर दोन अक्षरांचा आणि मायना सहा अक्षरांचा? डोकं धडापेक्षा मोठं झालंय हो तुमचं.” मास्टरसाहेब म्हणाले, “लहान लेकराचं असंच असते, साहेब. म्हनून कोनी डोकं कापत नाही त्याचं.” ती ऑर्डर गेली. त्याला स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा तो मला म्हणाला, “तुमचे साहेब फार उद्धट आहेत.” मी त्याची माफी मागितली. मग मास्टरसाहेबांच्या वतीनं माफी मागितली म्हणून येऊन मास्टरसाहेबांची माफी मागितली.

तो माझा स्वभावच आहे. शाळामास्तरांच्या घरात वाढलो. काही फुटलं तर आधी मीच उभा राहायचो, मी तिथे नसलो तरी. त्या वर्षांत तर ते फारच वाढलं होतं. पेपरात रोज आतल्या पानावर शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत कुठल्यातरी गावाचं नाव असायचं आणि ते नाव माझ्या ओळखीचं निघायचं. दर्यापूरच्या बसमध्ये शेजारी एखादा शेतकरी गप्प बसलेला दिसला की मी उठून त्याच्या बायकोला जागा द्यायचो, आणि बायको सोबत नसली तर नुसताच उठून उभा राहायचो. मला दर महिन्याला पगार मिळतो, याचीच लाज वाटे. मास्टरसाहेबांनी हे ओळखलं होतं. “तुह्या मायन्यात एक खाना जास्तीचा हाय,” ते म्हणायचे. “माफीचा. तो कोनाच्याच कामाचा नाही. काढून टाक.”

त्यांच्या गल्लीतले एक वकील वारले तेव्हा मी त्यांच्यासोबत भेटायला गेलो होतो. बैठकीत माणसं भिंतीला टेकून बसलेली. मास्टरसाहेब दारातच उभे राहिले आणि वकिलांच्या पत्नीकडे पाहून म्हणाले, “वहिनी, तुमच्यासाठी. माह्याकडून. दोन वाक्यं.” मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. लोक टकमक पाहू लागले. “वकीलसाहेबांनी माह्या शेडचं भाडेपत्र लिवून देल्लं होतं, त्यात एक कानामात्रा चुकला नव्हता. मले त्यायची लय आठवन येईन.” मग ते थांबून राहिले. बाईंनी पदरातून तोंड बाहेर काढलं आणि हलकेच म्हणाल्या, “पोचलं, मास्टरसाहेब.” आम्ही निघालो. पुढे काही महिन्यांनी त्या बाई भाभींना म्हणाल्या, त्या तेरा दिवसांत जो आला तो तासभर बसला. काय बोलले ते एकाचंही आठवत नाही. ती दोन वाक्यं तेवढी आठवतात.

घरी मात्र मायना बंद. तो भाभींचा नियम होता. “चप्पल बाहर, मायना बाहर,” त्या म्हणत. “निकाह के दिन भी इन्होंने काज़ी साहब से पूछा था, कितने जुमले हैं.” जुमले म्हणजे वाक्यं. मास्टरसाहेब ताटाकडे बघत खाली मान घालून हसायचे.

जिनिंगवाले आमचे मुख्य गिऱ्हाईक. ते एकेक करून थांबले. हंगामात अकोल्याच्या हवेत सरकीचा वास असायचा, तो विरळ झाला. शेवटी एकच मोठं काम उरलं: वरूडकडच्या एका संत्र्याच्या पॅकिंग शेडमधलं मशीन. भरलेलं खोकं साखळीवर, साखळी एक घर पुढं, रिकामं खोकं त्या जागी, पुन्हा एक घर पुढं. खोकं ठेवायला एक बाई उभी असायची. त्या शेडच्या मालकाची तक्रार आली: मशीन हळू चालते, ट्रक ताटकळतात, हे नीट करत नसाल तर उचलून न्या.

तेव्हा मास्टरसाहेब अमरावतीला होते. भाभींच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि ते दुसऱ्यांदा करायचं ठरलं होतं. मी शेडमध्ये एकटा. मायन्यातला नंबर आणि तो तपासण्याचं काम काढून टाकलं तर वेग चांगला वाढत होता. मी करून पाहिलं होतं. पण त्यांना विचारल्याशिवाय धीर होईना. दवाखान्याच्या फोनवर त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणालो, “माफ करा, त्रास देतो. मायन्यातला नंबर कापला तर मशीन मालकाला हवं तसं पळतं. कापू का?”

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. मागे कुठेतरी ढकलगाडीची चाकं कुरकुरत होती.

“काप,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मायना नाही, नंबर नाही, काही नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला आनंद झाला, की अखेर माझं त्यांना पटलं.

अकोल्यात आम्ही मशीनचा नमुना मांडला होता, त्यावर ते सुरळीत चाललं. मी वरूडला जाऊन कार्डांवर नव्या प्रोग्रॅमच्या चिपा बसवून आलो. साखळी झपाट्यानं पळू लागली. मालकानं खूश होऊन पिशवीभर संत्री दिली, ती मी आईकडे नेली. आणि त्याच आठवड्यात शेडमधला फोन वाजला. मालकच होता. “बाईचा हात मशीनमंदी गेला बाप्पा! साखळी एकडाव सरकली अन् लगेच पुन्हा...” एवढ्यात लाइन कटली. त्यानंतर मी कितीदा फोन लावला, लागला नाही.

‘पुन्हा’ या एका शब्दावर मला सगळं समजलं. आमच्या शेडमध्ये इन्व्हर्टर होता, वीज गेली तरी काही हलत नसे. तिकडे भारनियमन. वीज गेली की कॉम्प्युटर आणि कार्डं बॅटरीवर तग धरत, मग जनरेटर चालू करून खटका ओढायचा आणि त्या खटक्याच्या ठिणगीसरशी तारेवरचा एखादा जवाब पुसला जायचा. कॉम्प्युटर क्षणभर वाट पाहून तोच संदेश पुन्हा पाठवणार. कार्डाकडे नंबर नाही. ते साखळी पुन्हा एक घर सरकवणार. आणि नेमका तेव्हाच बाईचा हात रिकामं खोकं ठेवायला आत असणार.

मी पहिल्या बसनं अमरावतीला गेलो. मास्टरसाहेब दवाखान्यात भाभींच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. भाभींच्या डोळ्यावर पट्टी. मी उभ्यानंच सांगितलं. हात किती गेला, बोटं गेली की मनगट, काहीच ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं. ते उठले आणि पुन्हा बसले. खाटेकडे पाहू लागले.

“जाइए,” भाभी म्हणाल्या. “मेरी आँख यहीं है, कहीं नहीं जा रही. उस बेचारी का हाथ देखिए.”

येताना मी शेडमधून पानदान आणलं होतं, ते बसमध्ये त्यांनी मांडीवर घेतलं. जुन्या प्रोग्रॅमच्या चिपा त्यात होत्या. मोर्शीपर्यंत मी सारखं बोलत होतो. चूक माझी आहे, मी पोलिसात सांगेन, मालकाला सांगेन, बाईच्या घरी जाईन. मोर्शी सुटल्यावर त्यांनी पानदान एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“तू इचारलं,” ते म्हणाले. “इचारनं हा गुन्हा नसते. ‘काप’ मी म्हनलं.”

“पण मीच तुम्हाला गळ घातली...”

“गप बस नं बे. मी त्या दिवशी काहीच आयकलं नव्हतं. डॉक्टर आत बलावून राहिला होता. बायको आंधळी होते का काय, एवढंच डोक्यात. फोन ठेवता यावा म्हनून हो म्हनलं. काय कापून राहिला तू, ते मले आज कळलं.” खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा मागे जात होत्या. “जल्मभर पोरायले झापलं, समजलं नाही तं मान डोलवू नका म्हनून. अन् मीच डोलवली.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. आणि एका बाईचा हात गेला असेल अशा वेळी आपल्याला हलकं वाटतं, याची लगेच इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पॅकिंग शेडपाशी ट्रक उभा होता. मशीन बंद. बायका रांगेनं बसून हातांनी खोकी भरत होत्या, दोघी-तिघी ती वाकून पुढे सरकवत होत्या. मला एकही बाई खाटेवर पडलेली दिसेना. मालकानं बोट दाखवलं. रांगेच्या टोकाला सुमनबाई बसली होती, चाळिशीची, काटक. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी, डाव्या हातानं संत्री निवडणं चालू. बोटं सुजली होती, एक नख काळं पडलं होतं, बांगड्या फुटल्या होत्या. डॉक्टरनं फोटो काढून पाहिला होता. हाड शाबूत होतं.

माझे डोळे भरून आले. मी तिथेच उकिडवा बसलो.

“हा भाऊ काहून रडून राहिला?” सुमनबाईनं मालकाला विचारलं. “हात तं माहा हाय.”

“बाई, चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“त्याची नाही. माही,” मास्टरसाहेब म्हणाले.

“नाही, मी चिपा बदलल्या...”

“मी हो म्हनलं म्हनून बदलल्या!”

“अवं माय,” सुमनबाई म्हणाली, “दोघं मिळून वाटून घ्या नं. मले एवढं सांगा, मशीन नीट होते का नाही? खोके लोटू लोटू आमच्या कमरा गेल्या.”

“होते.”

“अन् उद्या पुन्हा दोनदा सरकली तं? मी तिच्याजवळ नाही उभी राहत. अन् मी नाही राहिली, तं शेठ दुसरी उभी करते. मशीनवरच्या बाईले हंगामभर काम असते, मास्तर. हातानं भरनारीले आज बलावलं, उद्या नाही.”

मालक दुसरीकडे पाहू लागला.

मास्टरसाहेबांनी पानदान उघडलं. बायका माना उंचावून पाहू लागल्या. आतून सुपारीऐवजी चिपा निघाल्यावर एक म्हातारी फस्सकन हसली. आम्ही प्रत्येक कार्डावरची चिप बदलली, कॉम्प्युटरमध्ये जुना प्रोग्रॅम टाकला. मायना पुन्हा पूर्ण झाला, नंबरासकट. मग मास्टरसाहेब साखळीपाशी गेले. जिथे सुमनबाईचा हात सापडला होता, खोक्याची कड आणि लोखंडी पट्टी यांच्या मधल्या त्या फटीजवळ उभे राहून मला म्हणाले, “येनारी तार काढ.”

संदेश सगळ्या कार्डांना एकाच तारेवरून जात, जवाब मात्र वेगळ्या, येणाऱ्या तारेवरून परत येत. येणारी काढली की कार्डांचे जवाब कॉम्प्युटरला पोचणारच नाहीत. तो तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहील. जनरेटरच्या ठिणगीनं एकदा केलं, ते आम्ही मुद्दाम अनेकदा करणार होतो. मी तार काढली.

“आता एक घर सरकव. ते थांबलं का मी हात घालतो.”

माझं बोट बटणावर थिजलं.

“मास्तर, लाकडाचा तुकडा ठेवा नं तिथं,” सुमनबाई उठून जवळ आली होती. “हात कायले?”

“लाकडाले भेव वाटत नाही, बाई. त्याच्या म्हनन्यावर तुमी इस्वास ठेवसान का?”

तिनं पट्टीचा हात पदराखाली घेतला.

मी बटण दाबलं. साखळी एक घर सरकून थांबली. मास्टरसाहेबांनी हात फटीत घातला, उजवा, टेस्टर धरायचा तो. पडद्यावर दिसत होतं: जवाब नाही, पुन्हा पाठवतो. जवाब नाही, पुन्हा पाठवतो. मी पडद्याकडे बघू की हाताकडे, कळेना. साखळी हलली नाही. पुन्हा पाठवतो. हलली नाही. शेवटी कॉम्प्युटरनंच नाद सोडला आणि पडद्यावर लाल ओळ आली. मास्टरसाहेबांचा हात होता तिथेच होता, अख्खा.

मी तार पुन्हा जोडली. “साखळी एक घर सरकली की लगेच जनरेटरचा खटका मारा,” असं मालकाला सांगून मी मास्टरसाहेबांना बाजूला केलं. त्यांनी अडवलं नाही, बटण दाबलं, आणि साखळी सरकून थांबताच मी माझा हात घातला. खटका ओढल्याचा आवाज झाला, दिवे मिणमिणले, परत लागले. साखळी जागची हलली नाही. मालकानं खटका पुन्हा ओढला, परत ओढला, आणि मी हात तिथेच ठेवून उभा राहिलो. कुणाची माफी मागावी असं त्या वेळी मनातही आलं नाही.

मागे वळून पाहिलं तर मास्टरसाहेब एका रिकाम्या खोक्यावर बसले होते. चेहरा घामानं थबथबलेला.

“पाय गेले रे माहे,” ते मला म्हणाले. “जरासाक बसू दे.”

सुमनबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“मास्तर, उठा,” ती म्हणाली. “ते खोकं मले लागते.”

मास्टरसाहेब घाईनं उठले. खोकं झटकून तिच्या डाव्या हातात दिलं. तिनं ते साखळीवर ठेवलं, हात काढला. मालकानं मशीन सुरू केलं. साखळी एक घर सरकली आणि थांबली. सुमनबाईचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. ती मान वळवून मागच्या बाईवर ओरडत होती, “अवं, सारे बारीक बारीक संत्रे माह्याच खोक्यात काहून भरून राहिली वं?”